शहरांतील नवा स्कूटरस्वार



स्कूटर चालविणें ही काय भाषण ऐकून शिकण्याची विद्या आहे, असें आपल्यांपैकीं कोणी मनांत म्हणत असेल, तर तो आक्षेप अगदींच खोटा नाहीं. विहिरीच्या कांठावर बसून कोणाला पोहतां येत नाहीं. परंतु भोवरा कोठें आहे हें पोहणाऱ्याला कोणी आधीं सांगितलें, तर त्यांत त्याचें कल्याणच असतें. शहरांतल्या रस्त्यांवरील असे कांहीं भोवरे आज मला दाखवावयाचे आहेत. जतसारख्या गांवांतून शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं सांगली-मिरजेस येऊन राहिलेले, आणि तेथून पुढें पुण्याकडे जाणारे जे तरुण आणि तरुणी आहेत, त्यांच्यासाठीं हें भाषण आहे. त्यांना स्कूटर घेऊन देणारी वडील मंडळी जर घरीं ऐकत असेल, तर फारच उत्तम. कारण शेवटीं दोन शब्द तिच्यासाठींही राखून ठेवले आहेत.

जत तालुका हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा, कर्नाटकाच्या सीमेला लागलेला, पर्जन्यछायेंतला मुलूख. तेथें दृष्टि लांबवर पोंचते, आणि वर्षांतले बहुतेक दिवस रस्ता कोरडा असतो. गर्दी म्हटली कीं आठवड्याचा बाजार, नाहीं तर गुड्डापूरच्या दानम्मादेवीची यात्रा. अशा मुलखांत वाहन शिकलेल्या तरुणाचा हात चांगला बसलेला असतो, तोलही त्याला उत्तम साधतो. संवय नसते ती दोन गोष्टींची : एक ओल्या रस्त्याची, आणि दुसरी चहूं बाजूंनीं एकाच वेळीं अंगावर येणाऱ्या वाहनांची. गांवाकडे आपलें वाहन आपल्या ताब्यांत असलें कीं काम भागतें. शहरांत तेवढ्यानें भागत नाहीं. आपण पुढच्या क्षणीं काय करणार आहों, हें पुढच्याला, मागच्याला आणि शेजारून जाणाऱ्यालाही आधीं कळलें पाहिजे. ज्याचा अंदाज इतरांना येतो तो स्वार सुरक्षित. माझ्या आजच्या साऱ्या सांगण्याचें सार एवढेंच आहे. बाकीचा त्याचा विस्तार.

प्रथम वाहनाकडे वळूं. स्कूटर महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीची आहे. इटालीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर बजाज कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत स्कुटरी तयार केल्या, आणि १९७२ सालीं तिची 'चेतक' बाजारांत आली. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, आणि गाडी दारांत आली म्हणजे पेढे वांटावे, असा तो काळ होता. त्या गाडीचा क्लच आणि गिअर डाव्या मुठींत असे, आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखालीं असे. पुढें १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर घरोघर दिसूं लागली. २०२० सालीं 'चेतक' हेंच नांव घेऊन विजेवर चालणारी स्कूटरही निघाली.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें, कीं वडिलांनीं शिकविलेली स्कूटर आणि मुलाच्या हातांतली स्कूटर या दोन निराळ्या वस्तु आहेत. आजच्या स्कूटरला पायाखालीं ब्रेक नाहीं. दोन्ही ब्रेक हातांत आहेत. उजवा पुढच्या चाकाचा, डावा मागच्या चाकाचा. गांवाकडे मोटरसायकल चालविलेल्या तरुणानें ही गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. मोटरसायकलवर डाव्या हाताला क्लच असतो, आणि संकट दिसतांच त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधूं लागतो. स्कूटरवर त्या पायाला सांपडतो तो नुसता पत्रा. हा घोटाळा बुद्धीनें मिटत नाहीं, संवयीनें मिटतो. म्हणून रहदारीत शिरण्यापूर्वीं एखाद्या मोकळ्या मैदानांत दोन-तीन सकाळी खर्चाव्या आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू आवळत न्यावे, हें हातांच्या अंगवळणीं पाडावें.

कित्येकांच्या मनांत पुढच्या ब्रेकविषयीं भीति असते. तो लावला कीं गाडी उलटते, असें त्यांनीं ऐकलेलें असतें. वस्तुस्थिति अशी, कीं गाडी थांबूं लागली म्हणजे तिचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळें थांबविण्याचें अधिक काम पुढचेंच चाक करतें. नुसत्या मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर मागचें चाक घसरतें आणि गाडी थांबतही नाहीं. धोका आहे तो पुढचा ब्रेक एकाएकीं खेंचण्यांत, किंवा वळणावर अथवा वाळूवर तो जोरानें दाबण्यांत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडून देणारी, किंवा चाक अडकूं न देणारी योजना सक्तीची झाली आहे. त्यामुळें नव्या गाडीचा डावा ब्रेक दाबला असतां पुढचाही थोडा लागतो. परंतु जुनी गाडी विकत घेणारानें या सोयीवर विसंबूं नये.

स्कूटरचीं चाकें लहान असतात, हीही गोष्ट विसरून चालत नाहीं. मोटरसायकलचें मोठें चाक ज्या खड्ड्यावरून सहज जातें, त्यांत स्कूटरचें लहान चाक आदळतें. म्हणून खड्डा दुरून हेरावा, त्याच्या आधीं वेग कमी करावा, आणि तो चुकविण्यासाठीं अगदीं शेवटच्या क्षणीं बाजूला झेंप घेऊं नये. मागून येणाऱ्याला आपल्या खड्ड्याची कल्पना नसते. टायरांतली हवा आठवड्यास एकदां पाहावी. हँडलला जड पिशव्या अडकवूं नयेत, कारण त्या वळतांना विरुद्ध ओढतात. निघण्यापूर्वीं स्टँड वर घेतला आहे ना, हें नेमानें पाहावें. विजेच्या स्कूटरचा आवाज नसल्यामुळें पायीं चालणाऱ्याला ती येतांना कळत नाहीं, आणि उभी असली तर ती बंद आहे कीं चालू आहे हें आपल्यालाही चटकन् कळत नाहीं. म्हणून उतरतांच प्रथम किल्ली फिरवावी. लहान मुलानें सहज मूठ पिळली तर उभी गाडी उडी मारते.

आतां अंतराचा हिशेब पाहूं. हा हिशेब शाळेंतल्या गणिताचा असला तरी तो माणसाचा जीव वांचवितो. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी स्कूटर एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते. पुढें कांहीं आडवें आलें हें डोळ्यांना दिसून बोटांनीं ब्रेक आवळेपर्यंत सावध माणसालाही सुमारें एक सेकंद लागतो. म्हणजे ११ मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वींच संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारें १२ मीटर लागतात. एकूण २३ मीटर झाले, दोन एस. टी. गाड्या एकीमागें एक उभ्या केल्या म्हणजे साधारण जेवढी लांबी होते, तेवढे. आतां वेग ६० करा. पहिल्या सेकंदांत १७ मीटर, पुढें सुमारें २८, एकूण ४५. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचें अंतर जवळजवळ दुप्पट झालें. रस्ता ओला असेल तर ४० च्या वेगालाही ३२ मीटरांच्या आसपास लागतात.

हे आंकडे रस्त्यांत मोजीत बसणें शक्य नाहीं. त्यासाठीं एक सोपी युक्ति आहे. पुढचें वाहन रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशीं आलें कीं मनांत 'एक हजार एक, एक हजार दोन' असें सावकाश म्हणावें. तें म्हणून होण्यापूर्वींच आपण त्या खांबापाशीं पोंचलों, तर आपण फार जवळ आहों असें समजावें. पावसांत हीच मोजणी चारपर्यंत न्यावी. कोणी म्हणेल, एवढी जागा सोडली तर दुसरा मध्यें घुसतो. घुसूं द्यावा. पुन्हा थोडें मागें राहावें. त्यानें आपलें फार तर दोन-तीन सेकंदांचें नुकसान होतें.

त्या नुकसानीचाही हिशेब करून पाहूं. रोज आठ किलोमीटर जावयाचें आहे असें धरा. ४० च्या वेगानें त्याला १२ मिनिटें लागतात, ५० च्या वेगानें ९ मिनिटें ३६ सेकंद. सबंध वाटेवर जीव धोक्यांत घालून जी कमाई झाली ती २ मिनिटें २४ सेकंदांची, आणि तीही रस्ता अगदीं मोकळा असला तर. एक तांबडा दिवा ती सगळी परत घेतो. घरून दहा मिनिटें अगोदर निघणें हा यापेक्षां फार स्वस्त उपाय आहे.

रस्त्यावर आपली जागा कोणती, हाही प्रश्न नव्या स्वाराला पडतो. तो भिऊन अगदीं डाव्या कडेला चिकटतो. तेथें वाळू असते, गटाराचीं झांकणें असतात, आणि उभ्या मोटारीचें दार केव्हां उघडेल याचा नेम नसतो. कडेपासून एक-दीड मीटर आंत राहून सरळ रेषेंत चालावें. दर दहा पावलांवर आंत-बाहेर करणाऱ्या स्वाराचा अंदाज कोणालाच येत नाहीं. उजवीकडे वळावयाचें असेल तर आरशांत पाहावें, इंडिकेटर लावावा, मान वळवून एकदां मागें पाहावें, आणि वळण येण्याच्या बऱ्याच आधीं हळूहळू मध्याकडे सरकावें. डाव्या कडेवरून चौकांत एकदम उजवीकडे घुसणें यासारखें अविचाराचें काम दुसरें नाहीं. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करावा. विसरलेला इंडिकेटर म्हणजे इतरांशीं केलेलें खोटें बोलणेंच.

एस. टी.च्या किंवा शहर बसच्या डाव्या अंगानें पुढें जाऊं नये. चालकाला तेथें दिसत नाहीं, आणि उतारूही त्याच बाजूनें उतरतात. रिक्षा ही कोणी हात केला कीं थांबते, हें गृहीत धरूनच तिच्या मागें राहावें. गल्लीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या पुढच्या चाकावर नजर ठेवावी. चालकाचा विचार त्याच्या चेहऱ्याआधीं चाकांत दिसतो. आणि आपल्याकडे गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांविषयीं विशेष जपावें. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळूं लागला कीं मागची ट्रॉली आंतल्या अंगाला ओढली जाते, आणि त्या आंतल्या जागेंत सांपडलेल्या दुचाकीला सुटका नसते. कित्येक ट्रॉल्यांना रात्रीं मागें दिवा नसतो. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी लहान चाकाखालीं आली तर गाडी पाडावयास ती एकटी पुरे होते.

पावसाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण कोरड्या मुलखांतून आलेल्या स्वाराची खरी परीक्षा येथें होते. सगळ्यांत निसरडा रस्ता मुसळधार पावसांत नसतो. तो मृगाच्या पहिल्या सरीनंतरच्या घटकाभरांत असतो. महिनोन् महिने सांचलेलें तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि रस्त्यावर साबणासारखा लेप बसतो. त्या वेळीं शक्य तर थोडा वेळ आडोशाला थांबावें. पांढरे पट्टे, लोखंडी झांकणें आणि रेल्वेचे रूळ हे ओले असतांना कांचेसारखे गुळगुळीत होतात. रूळ ओलांडतांना गाडी काटकोनांत न्यावी आणि त्या क्षणीं ब्रेक लावूं नये. सांचलेल्या पाण्याखालीं रस्ता आहे कीं खड्डा आहे, हें वरून दिसत नाहीं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या पेठांत शिरलें होतें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. वाहत्या पाण्यांत स्कूटर घालणें हें धाडसही नव्हे. कारण धाडसांत कांहीं तरी मिळण्याचा संभव असतो.

रात्रीं पुढचा दिवा खालच्या झोतावर ठेवावा. समोरून डोळे दिपविणारा झोत आला तर त्याकडे न पाहतां आपल्या डाव्या कडेकडे पाहावें आणि वेग उतरवावा. काळ्या रेनकोटापेक्षां पिवळा किंवा भगवा रेनकोट बरा. दिसणें हें अर्धें संरक्षण आहे.

आतां शिरस्त्राणाची, म्हणजे हेल्मेटची गोष्ट. 'शिर सलामत तर पगडी पचास' असें आपण म्हणतों खरे, पण पगडीच्या काळजीनें शिर उघडें ठेवणारे लोक कमी नाहींत. केंस विसकटतात, उकडतें, जवळच तर जावयाचें आहे, अशीं कारणें सांगितलीं जातात. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ७४,८९७ माणसें दुचाकीवरचीं होतीं. आणि ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्या ५०,०२९ पैकीं १४,३३७ जण तर मागें बसलेले होते. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून तज्ज्ञांनीं असा निष्कर्ष काढला आहे, कीं हेल्मेटमुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. इतक्या थोड्या पैशांत इतकें मोठें संरक्षण देणारी वस्तु बाजारांत दुसरी क्वचितच मिळेल.

मात्र हेल्मेट आय. एस. आय. चिन्हाचें असावें, डोक्यावर घट्ट बसणारें असावें, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेलें हेल्मेट धक्का बसतांच डोक्याच्या आधीं उडून जातें. कोपरावर अडकविलेलें हेल्मेट कोपराचें रक्षण करतें. एकदां जोराचा आघात झालेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें. हेल्मेट आणि कान यांच्या फटींत मोबाइल खोंचून बोलत जाणारे स्वार आपण रोज पाहतों. त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात हें खरें, पण मन मोकळें नसतें. निरोप तातडीचा असेल तर कडेला थांबावें. नसेल तर तो पोंचल्यावर ऐकतां येतो.

डबलसीट बसणाऱ्याच्या वजनानें गाडी उशिरां थांबते आणि वळतांना जड होते. म्हणून पहिला महिना एकट्यानेंच चालवावी, हें उत्तम. ओढणी आणि साडीचा पदर आंवळून, खोंचूनच बसावें; चाकांत गेलेला पदर ओढून काढण्यास वेळ मिळत नाहीं. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झांकणारें संरक्षण दुचाकीला असलेंच पाहिजे असा नियम आहे. तें दिसावयास बरें नाहीं म्हणून काढून टाकूं नये. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानें आवश्यक आहे. त्याहून लहान मुलाला बरोबर न्यावयाचें असेल, तर २०२३ पासून त्याला चालकाशीं बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचें हेल्मेट पाहिजे, आणि गाडीचा वेग ४० च्या वर जातां कामा नये. ट्रिपलसीटविषयीं कांहीं बोलण्याची आवश्यकताच नसावी.

वडील मंडळींसाठीं राखून ठेवलेले दोन शब्द आतां सांगतों. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो अशी एक समजूत आहे. तो मिळतो ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरता; आज पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक स्कुटरी १०० सी. सी.च्या वर आहेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. पण दंडाचें भय क्षणभर बाजूला ठेवूं. जतहून मुलगा वा मुलगी सांगलीस जाते, ती बहुधा घरांतली पहिली नोकरी किंवा पहिली पदवी घेण्यासाठीं. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नांतून वांचविलेल्या पैशांची ती स्कूटर असते. गाडी घेऊन देतांना हेल्मेटाचे पैसे वांचवूं नका, विम्याचे वांचवूं नका, आणि "उशीर कां झाला?" असें दारांत पाऊल टाकतांच विचारूं नका. उशीर झाल्याबद्दल रागावणाऱ्या घरांतला मुलगा वाटेंत घाई करतो.

पहिल्या पंधरवड्याचा क्रम असा ठेवावा. पहिले तीन दिवस मैदानांत : वीसच्या वेगानें यावें आणि ठरलेल्या रेषेवर थांबावें, तसेंच माणसाच्या चालीनें पाय न टेकतां गाडी चालवावी. अगदीं हळू चालविणें हेंच गर्दीतलें खरें कौशल्य आहे. पुढच्या रविवारीं पहाटे आपल्या रोजच्या वाटेवरून जावें आणि खड्डे, गतिरोधक, शाळा, बसथांबे पाहून ठेवावे. मग चार दिवस गर्दीच्या आधीं, आणि त्यानंतर ऐन गर्दींत. वाट माहीत असली म्हणजे मोबाइलच्या नकाशाकडे पाहावें लागत नाहीं, आणि डोळे रस्त्यासाठीं मोकळे राहतात.

इतकें करूनही कोठें अपघात दिसलाच, तर बाजूनें निघून जाऊं नये. मदत करणाऱ्यावर पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं. अशा माणसाला कायद्यानें २०१९ पासून संरक्षण दिलें आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मागून येणाऱ्या वाहनांना सावध करावें, आणि बेशुद्ध पडलेल्या स्वाराचा श्वास चालू असेल तर त्याचें हेल्मेट ओढून काढूं नये. मानेला इजा झालेली असूं शकते.

शहराचा रस्ता हा हजारों अनोळखी माणसांनीं एकमेकांवर टाकलेल्या विश्वासावर चालतो. समोरचा आपल्या बाजूनें जाईल, तांबड्या दिव्याला थांबेल, हात दाखवील तिकडेच वळेल, असें धरूनच प्रत्येक जण घराबाहेर पडतो. नव्या स्कूटरस्वारानें त्या विश्वासाला पात्र व्हावें, आणि इतरांवर मात्र तो थोडा हातचा राखून ठेवावा. एवढें साधलें तर रोज संध्याकाळीं घरीं परत येणें हें नशिबाचें काम न राहतां बव्हंशीं आपल्या हातचें काम होतें.